सागराचे रहाटगाडगे

मालवणच्या किनाऱ्यावर मृगाचा पहिला पाऊस कोसळतो तेव्हा तो आला कोठून, असे सहसा कोणी विचारीत नाही. विचारलेच तर उत्तर ठरलेले असते : समुद्रावरून. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. जो वारा हा पाऊस पाठीवर घेऊन येतो, तो मुळात आपल्या गोलार्धातला नव्हेच. मादागास्करच्या पूर्वेस, दक्षिण हिंदी महासागरावर, त्या वेळी ऐन हिवाळा चालू असतो. तेथून तो निघतो, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडतो, पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळतो आणि सोमालियाच्या अंगाने सारा अरबी समुद्र तुडवीत सह्याद्रीवर येऊन आदळतो. आंबोलीच्या घाटात वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या आसपास जे पाणी पडते, त्यामागे दक्षिण गोलार्धातला हिवाळा उभा असतो. आपल्या भाताच्या खाचराला दुसऱ्या गोलार्धाने पाणी पाजावे, ही गोष्ट नवलाची खरीच.

वाऱ्याचे हे नाते दर्यावर्दी लोकांना शेकडो वर्षांपासून ठाऊक होते. अरबांची गलबते ह्याच वाऱ्यावर कोकणात येत आणि वारा फिरला की परत जात. शास्त्रज्ञांनी त्याची नीट मोजदाद मात्र बरीच उशिरा केली. १९५९ ते १९६५ ह्या काळात अनेक देशांनी मिळून हिंदी महासागराची मोठी पाहणी केली. तीत आपल्या नौदलाचे 'किस्तना' हे जहाज होते, आणि मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १९६३ साली ह्या मोहिमेसाठी आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र उघडले गेले होते. ती मोहीम संपली आणि तिच्यातूनच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्मास आली. मालवणच्या दक्षिणेस, गोव्यात दोनापावल येथे ती आज उभी आहे.

पण वारा हा चंचल गडी. त्याचा निरोप दिवसांत किंवा आठवड्यांत पोहोचतो आणि तितक्याच लवकर विरून जातो. दोन गोलार्धांना बांधणारा दुसरा एक दोर आहे. तो पाण्याखाली आहे, दिसत नाही, आणि त्याची चाल इतकी मंद आहे की एक निरोप पोहोचण्यास माणसाच्या सात-आठ पिढ्या उलटून जातात. ह्या दोराचा शोध कसा लागला, आणि त्याच्या एका टोकाला आपला अरबी समुद्र कसा बांधलेला आहे, ती हकीकत येथे सांगावयाची आहे.

ह्या हकीकतीचा आरंभ एका बादलीने होतो. १७५१ साली हेन्री एलिस नावाचा इंग्रज कप्तान आफ्रिकेच्या पश्चिमेस अटलांटिक महासागरातून चालला होता. त्याचे जहाज गुलामांच्या व्यापारातले होते. विज्ञानाच्या इतिहासात अशा काळ्या वाटाही येतात, त्या पुसून टाकता येत नाहीत. स्टीफन हेल्स ह्या पाद्रीबोवांनी बनवलेली एक झडपांची बादली त्याने सोबत घेतली होती. ती खोल सोडली की खालचे पाणी तीत अडकून वर येई. डोक्यावर उष्ण कटिबंधाजवळचे ऊन तापलेले; वरचे पाणी कोमट; आणि सुमारे मैलभर खोलीवरून आलेले पाणी मात्र गारेगार! एलिसने त्या पाण्यात आपल्या द्राक्षासवाच्या बाटल्या गार केल्या, त्याने आंघोळीही केल्या. ह्या गारव्याचा अर्थ काय, ह्याची उठाठेव त्याने फारशी केली नाही.

ती केली रमफर्ड ह्या शास्त्रज्ञाने, अठराव्या शतकाच्या अखेरीस. त्याचे म्हणणे साधे होते. उष्ण प्रदेशात खोल पाणी इतके थंड असेल तर ते तेथल्या तेथे थंड झालेले असणे शक्य नाही. ते ध्रुवाकडून तळातळाने चालत आलेले असले पाहिजे. आणि थंड पाणी खालून इकडे येत असेल, तर त्याची जागा भरून काढण्यास वरून कोमट पाणी तिकडे गेलेच पाहिजे.

हा विचार आपल्या दाराशी आणून पाहा. मालवणहून पश्चिमेस दूर गेले की समुद्राचा तळ तीन हजार मीटरांहून खाली जातो. तेथल्या पाण्याचे तापमान दोन अंशांच्या आसपास असते. बर्फ होण्यापासून अगदी थोडेच दूर! अरबी समुद्रावर असा हिवाळा कधीच पडलेला नाही. उत्तरेस आशिया खंडाची भिंत आहे. तिकडून पाणी येण्यास वाट नाही. म्हणजे आपल्या पायथ्याशी साठलेले हे थंड पाणी दक्षिणेकडून, अँटार्क्टिकाच्या शेजारून आलेले आहे. त्याने आकाश शेवटचे पाहिले त्याला कित्येक शतके झाली. दक्षिण कोकणावर शिलाहारांचे राज्य होते, त्या सुमारास जे पाणी दक्षिणेच्या बर्फाळ समुद्रात बुडाले, तसले पाणी आज मालवणच्या होड्यांखाली कोठेतरी अंधारात पडून आहे.

*

ह्या साऱ्या भ्रमणाला शास्त्रज्ञांनी नाना नावे दिली. अमेरिकेचे वॉलेस ब्रोकर ह्यांनी १९८७ साली त्याला कारखान्यातल्या फिरत्या पट्ट्याची उपमा दिली आणि ती जगभर गाजली. कोकणातल्या माणसाला ह्याहून जवळची उपमा बागेतल्या विहिरीवर सापडेल. रहाटगाडगे पाहा. भरलेले लोटे एका बाजूने वर येतात, रिते लोटे दुसऱ्या बाजूने खाली जातात, आणि माळ अखंड फिरत राहते. सागराच्या रहाटगाडग्यात लोट्यांतून जाते ती उष्णता.

अटलांटिक महासागरात ही माळ सर्वांत स्पष्ट दिसते. विषुववृत्ताच्या दक्षिणेकडून कोमट पाणी वरच्या थरातून उत्तरेकडे निघते. वाटेत उन्हाने त्याची वाफ होते, मीठ मागे राहते, आणि पाणी खारट होत जाते. ग्रीनलंड आणि आइसलंडच्या आसपास पोहोचले की ते आपली ऊब थंड वाऱ्यांना देऊन टाकते. आता ते खारटही असते आणि थंडही. म्हणजे दोन्ही कारणांनी जड. ते तळाकडे बुडते आणि खोलातून परत दक्षिणेची वाट धरते. तेथून अँटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रात, आणि तेथून पुढे हिंदी व प्रशांत महासागरात. ह्या माळेतून अटलांटिकमध्ये दर सेकंदास सुमारे एक कोटी सत्तर लाख घनमीटर पाणी वाहते. जगातल्या सगळ्या नद्या एकत्र केल्या तरी त्यांचे पाणी ह्याच्या दहाव्या हिश्श्यासही पोहोचत नाही.

ह्यात एक गंमत आहे. समुद्राने उष्णता विषुववृत्ताकडून ध्रुवांकडे न्यावी, हे स्वाभाविक. परंतु दक्षिण अटलांटिकमध्ये ती उलट विषुववृत्ताकडे येते आणि ते ओलांडून उत्तरेस जाते. म्हणजे दक्षिण गोलार्ध आपल्या वाट्याची ऊब उत्तरेला देऊन टाकतो! एका भावाच्या कोठीतून दुसऱ्याच्या चुलीला सरपण जावे, तसा हा व्यवहार.

आणि ह्या व्यवहाराची किल्ली आहे मिठात. सिंधुदुर्ग किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, हे मालवणास आलेल्या प्रत्येक पाहुण्यास सांगितले जाते. चहूकडे खारा समुद्र आणि मध्ये गोडे पाणी, ह्याचे लोकांना कौतुक वाटते. बेटांवरच्या अशा विहिरींमागे एक साधा नियम असतो : गोडे पाणी हलके, खारे पाणी जड; पावसाचे गोडे पाणी जमिनीत मुरते आणि खाली झिरपलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगून राहते. हाच प्रकार पावसाळ्यात देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी दिसतो. वरून गोडे पाणी समुद्राकडे धावत असते आणि त्याच्या पोटाखालून खारे पाणी खाडीत शिरलेले असते.

आता हाच नियम उत्तर अटलांटिकला लावा. समजा, वितळलेल्या बर्फाचे गोडे पाणी एकाएकी तेथे येऊन पडले. ते वरच्या वर तरंगत राहील. खाली बुडणाऱ्या पाण्याचे जडपण जाईल. बुडणे थांबले की माळ अडखळेल. माळ अडखळली की दक्षिणेची ऊब उत्तरेस येणार नाही. उत्तर गारठेल, आणि न गेलेली ऊब दक्षिणेत साठत जाईल. तराजूचे एक पारडे खाली जाते तेव्हा दुसरे वर येते, हे सांगावयास पंडित नको.

*

आज हे इतक्या सहजपणे सांगता येते. परंतु ही कल्पना प्रथम ज्याला सुचली तो कोणी नामांकित प्राध्यापक नव्हता. जेम्स क्रॉल हे त्याचे नाव. स्कॉटलंडमधील एका खेड्यात १८२१ साली तो जन्मला. शिक्षण बेताचेच. त्याने गिरण्यांच्या दुरुस्तीचे काम केले, चहाचे दुकान घातले, खाणावळ चालवली, विम्याची एजन्सी केली. एकाही धंद्यात त्याला यश आले नाही. १८५९ साली ग्लासगोच्या अँडरसन कॉलेजात त्याला राखणदाराची नोकरी लागली. पगार थोडा, पण ग्रंथालयाच्या किल्ल्या हाती! झाडलोट आटोपली की क्रॉल ग्रंथ घेऊन बसे. १८६४ साली हिमयुगांवरचा त्याचा निबंध प्रसिद्ध झाला, तेव्हा विद्वान मंडळी चकित झाली. पुढे १८७५ साली त्याचा मोठा ग्रंथ निघाला आणि १८७६ साली रॉयल सोसायटीने ह्या माजी राखणदाराला आपले सभासद करून घेतले.

क्रॉलने हिशेब मांडला तो असा. पृथ्वीची कक्षा आणि तिच्या आसाचा कल हळूहळू बदलत असतात. त्यामुळे कधी एका गोलार्धाचे हिवाळे लांबतात, कधी दुसऱ्याचे. ज्या गोलार्धात बर्फ साठते तेथले वारे जोर धरतात आणि समुद्रप्रवाहांना पलीकडे रेटतात. ब्राझीलचे पूर्वेकडे आलेले टोक ह्या प्रवाहाला नांगराच्या फाळासारखे दुभागते. प्रवाह थोडा दक्षिणेस सरकला की जे कोमट पाणी उत्तरेस जावयाचे ते दक्षिणेस वळेल. म्हणून, तो म्हणाला, हिमयुगे दोन्ही गोलार्धांत आळीपाळीने येतात.

ह्यातला अर्धा भाग पुढे टिकला नाही. मोठी हिमयुगे आळीपाळीने येत नाहीत. ती दोन्ही गोलार्धांत साधारणपणे एकाच वेळी येतात आणि एकाच वेळी जातात, कारण हवेतील कर्बवायूचे प्रमाण साऱ्या पृथ्वीला सारखेच पांघरूण घालते. परंतु समुद्र एका गोलार्धाची उष्णता उचलून दुसऱ्याला देतो, आणि ही देवघेव बिघडली की दोन्हीकडची हवा उलटसुलट बदलते, हा जो दुसरा अर्धा भाग, तो शंभर वर्षे धूळ खात पडून राहिला आणि मग खरा ठरला. तो खरा ठरवला बर्फाने.

*

ध्रुवप्रदेशात पडलेले हिम वितळत नाही; वर्षावर वर्षांचे थर बसत जातात आणि दाबाने त्यांचा बर्फ होतो. सराफाच्या दुकानात जुन्या वह्या थप्पीने लावलेल्या असाव्यात, तसे हे थर. प्रत्येक थरात त्या वर्षीच्या थंडीचा लेख असतो, आणि बारीक बुडबुड्यांत त्या काळची हवा कोंडलेली असते. १९६६ साली ग्रीनलंडवर कँप सेंच्युरी येथे सुमारे १,३९० मीटर खोल जाऊन तळापर्यंतचा बर्फाचा गाभा काढला गेला. दोन वर्षांनी अँटार्क्टिकावर बर्ड ठाण्यावर असाच गाभा निघाला. डेन्मार्कच्या विली डान्सगार्ड ह्यांनी ग्रीनलंडचा गाभा वाचला. त्यात त्यांना जे दिसले त्यावर प्रथम अनेकांचा विश्वास बसेना. पुढे १९९२ व १९९३ साली ग्रीनलंडच्या माथ्यावर तीन-तीन किलोमीटर लांबीचे दोन गाभे एकमेकांपासून तीसेक किलोमीटरांवर काढले गेले. दोन्हींनी तीच साक्ष दिली.

साक्ष अशी : गेल्या हिमयुगात ग्रीनलंडची हवा सुमारे पंचवीस वेळा एकाएकी उबदार झाली. काही दशकांत, म्हणजे एका माणसाच्या आयुष्यात, तेथले तापमान दहा-दहा अंशांनी चढले. आणि मग शतकानुशतके हळूहळू उतरत पुन्हा कडाक्याच्या थंडीत गेले. निसर्गाची पावले नेहमी मुंगीची असतात, हा समज त्या बर्फाने मोडून टाकला.

अँटार्क्टिकाच्या गाभ्यांत इतकी उडी कोठेच दिसत नव्हती. तेथे होते ते संथ चढउतार, एक ते तीन अंशांचे. ह्या दोहोंचा संबंध लावावयाचा तर आधी दोन्हीकडच्या तारखा जुळल्या पाहिजेत. दोन घराण्यांच्या बखरींत शके वेगळे असावेत, तशी ही अडचण होती. ती सोडवली मिथेन वायूने. दलदलीतून निघणारा हा वायू वर्षा-दीड वर्षात साऱ्या पृथ्वीच्या हवेत मिसळून जातो. तेव्हा त्याचे प्रमाण जेथे वाढलेले दिसेल, तो थर उत्तरेत असो की दक्षिणेत, एकाच काळाचा. टपालाच्या शिक्क्यासारखा त्याचा उपयोग झाला. १९९८ व २००१ साली थॉमस ब्लुनियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या शिक्क्यावरून दोन्ही बखरी शेजारी शेजारी लावल्या. पाहतात तो काय, ग्रीनलंड कडाक्याच्या थंडीत असताना अँटार्क्टिका हळूहळू तापत होती. आणि ग्रीनलंडने उडी घेऊन ऊब धरली की अँटार्क्टिका निवू लागत होती. तराजूची दोन पारडी! २००६ साली युरोपीय शास्त्रज्ञांनी अँटार्क्टिकाच्या अटलांटिककडील भागातल्या गाभ्यावरून दाखवले की, लहानमोठ्या प्रत्येक उत्तरेकडील उडीला दक्षिणेत जोडीदार आहे.

येथे कोणी विचारील, हा निरोप समुद्रानेच नेला कशावरून? वाऱ्याने का नेला नसेल? ह्याचे उत्तर २०१५ साली आले. पश्चिम अँटार्क्टिकावर सुमारे ३,४०० मीटर खोलीचा एक गाभा काढला होता. त्यात वर्षावर्षांचे थर अतिशय स्पष्ट होते. त्यावरून कळले की, ग्रीनलंड एकाएकी तापले की अँटार्क्टिका निवू लागावयास सरासरी दोनशे वर्षे लागतात. आणि ग्रीनलंड गारठले की अँटार्क्टिका तापावयासही तितकीच. निरोप वाऱ्याच्या हाती असता तर तो एक-दोन वर्षांत पोहोचला असता. दोनशे वर्षे लावणारा जासूद एकच : समुद्र. दक्षिणेचा महासागर म्हणजे एक प्रचंड रांजण आहे. त्यात ऊब पडू लागली तरी तो सावकाश भरतो, आणि म्हणूनच उत्तरेची उडी दक्षिणेत पोहोचते तेव्हा तिची संथ लाट झालेली असते. टॉमस स्टॉकर व सिगफुस जॉनसेन ह्यांनी २००३ साली हे गणिताने मांडले होते; बर्फाने त्याला शिक्कामोर्तब केले.

*

मग ह्या तराजूचा आपल्याशी संबंध काय? ग्रीनलंड गारठले काय आणि तापले काय, मालवणच्या माणसाला त्याचे सुतक का असावे?

ह्याचे उत्तर अरबी समुद्राच्या गाळात पुरलेले होते. पावसाळ्यात नैऋत्येचे वारे वरचे पाणी ढकलतात आणि खालचे थंड, खतावलेले पाणी वर येते. त्यावर सूक्ष्म जीवांचे पीक येते, त्यावर तारली आणि बांगडा पोसतो. पण हे सूक्ष्म जीव मरून खाली पडले की त्यांच्या कुजण्यात पाण्यातला प्राणवायू खर्ची पडतो. म्हणून अरबी समुद्रात सुमारे दीडशे मीटरांपासून हजारभर मीटरांपर्यंत पाणी जवळजवळ श्वास कोंडलेले असते. भाद्रपद-आश्विनात असे पाणी गोव्याच्या आणि कोकणच्या उथळ किनाऱ्याशीही येते. दोनापावलच्या शास्त्रज्ञांनी २००० साली त्याची नोंद जगापुढे मांडली.

जेव्हा पावसाळा जोरकस, तेव्हा हा गुदमर मोठा. अशा काळात तळाच्या गाळात किडे-कृमी जगू शकत नाहीत. गाळ कोणी उकरीत नाही, आणि त्याचे काळसर थर पोथीच्या पानांसारखे जसेच्या तसे राहतात. जेव्हा पावसाळा दुबळा, तेव्हा तळाशी प्राणवायू पोहोचतो, किडे गाळ घुसळून टाकतात आणि तो फिकट व एकजीव होतो. १९९८ साली जर्मन शास्त्रज्ञ हार्टमुट शुल्झ व सहकाऱ्यांनी अरबी समुद्राच्या उत्तर भागातला असा गाळ वाचला : एक लाख दहा हजार वर्षांची पोथी! तिच्यातले काळे आणि फिकट पट्टे ग्रीनलंडच्या बर्फातील उबदार आणि थंड काळांशी एकास एक जुळले. ग्रीनलंड तापले की अरबी समुद्रावरचा पावसाळा फुलला. ग्रीनलंड गारठले की तो कोमेजला. २००३ साली खरगपूरच्या आय. आय. टी.चे अनिल गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओमानजवळच्या गाळातील सूक्ष्म शंखधारी जीव मोजून दाखवले की, हिमयुग संपल्यानंतरच्या दहा हजार वर्षांतही हे नाते तुटलेले नाही.

ह्याचे कारण फार अवघड नाही. पृथ्वीवरचा पावसाचा पट्टा नेहमी उबदार गोलार्धाकडे झुकतो. उत्तर गारठली आणि दक्षिणेत ऊब साठली की तो पट्टा दक्षिणेकडे सरकतो. लेण्यांत आणि गुहांत छतावरून ठिबकणाऱ्या पाण्याने जे चुनखडीचे खांब तयार होतात, त्यांतही हा लेख सापडला : चीनच्या गुहांत कोरडे दिवस होते तेव्हा ब्राझीलच्या गुहांत पाणी ठिबकत होते.

सुमारे १२,९०० वर्षांपूर्वीची गोष्ट घ्या. हिमयुग सरत आले होते. उत्तर अमेरिकेवरचा प्रचंड बर्फ वितळत होता. त्याचे गोडे पाणी अटलांटिकमध्ये लोटले, रहाटगाडगे अडखळले आणि उत्तरेत पुन्हा कडाक्याची थंडी परतली. ती ११,७०० वर्षांपूर्वीपर्यंत टिकली. त्या बाराशे वर्षांत अँटार्क्टिका तापत राहिली आणि आपला पावसाळा क्षीण झाला. मग उत्तर एकाएकी उबदार झाली आणि नैऋत्य मोसमी वारे पुन्हा भरात आले. ८,२०० वर्षांपूर्वी, कॅनडातल्या बर्फामागे तुंबलेल्या सरोवराचा बांध फुटला, तेव्हाही हाच खेळ लहान प्रमाणावर झाला.

ह्या साऱ्या काळात मालवणचा किनारा आजच्या जागी नव्हता. वीस हजार वर्षांपूर्वी एवढे पाणी बर्फात अडकून पडले होते की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरांहून अधिक खाली होती. आज जेथे ट्रॉलर फिरतात तेथे जमीन होती. किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटरांवर, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा 'आंग्रिया बँक' हा प्रवाळांचा बुडालेला उंचवटा आहे. त्याचा माथा आज वीस-पंचवीस मीटर पाण्याखाली आहे. हिमयुगात तो उघड्या आभाळाखाली उभा होता. पश्चिम किनाऱ्याच्या उथळ समुद्रात पन्नास ते शंभर मीटर खोलीवर जुन्या किनाऱ्यांचे पायऱ्यांसारखे टप्पे सापडले आहेत. समुद्र चढताना जेथे जेथे विसावला, तेथे तेथे त्याने खूण ठेवली. ज्या बर्फाने वितळून अटलांटिकचे रहाटगाडगे अडवले, त्याच बर्फाच्या पाण्याने आपला जुना किनारा गिळला.

*

ही विद्या एकेकाळी सर्वस्वी परक्यांची होती. आज तशी राहिलेली नाही. डिसेंबर १९८१ मध्ये डॉ. कासिम ह्यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय तुकडी अँटार्क्टिकाकडे निघाली ती गोव्याच्या मार्मागोवा बंदरातून, आणि ९ जानेवारी १९८२ रोजी तिने तेथल्या बर्फावर पाय ठेवला. पुढे दक्षिणेत 'मैत्री' आणि 'भारती', आणि २००८ साली उत्तर ध्रुवाजवळ 'हिमाद्री' अशी ठाणी उभी राहिली. ह्या सर्वांचा कारभार पाहणारी संस्था १९९८ साली वास्को येथे निघाली. तेथल्या शीतगृहात शून्याखाली वीस अंशांवर अँटार्क्टिकाचा बर्फ जपून ठेवलेला असतो. म्हणजे मालवणच्या माणसाला हजारो वर्षांपूर्वीचे बर्फ पाहावयाचे, तर ते त्याच्या दारापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरांवर आहे!

आणि ते पाहण्याचे कारणही आज पूर्वीपेक्षा अधिक आहे. माणसाने हवेत सोडलेल्या वायूंमुळे पृथ्वीवर जी जादा उष्णता साठते, तिच्यातली नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्र पोटात घेतो. ग्रीनलंडचा बर्फ वितळतो आहे आणि त्याचे गोडे पाणी नेमके त्याच ठिकाणी पडते आहे, जेथे रहाटगाडग्याचा वरचा फेरा खाली वळतो. २००४ सालापासून अटलांटिकमध्ये साडेसव्वीस अंश उत्तर अक्षांशावर दोरांना बांधलेली उपकरणे ह्या प्रवाहाची नाडी मोजत आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान मंडळाने २०२१ साली निर्वाळा दिला की, ह्या शतकात हा प्रवाह मंदावण्याची शक्यता फार मोठी आहे. तो शतकाच्या आत एकाएकी कोसळेल असे मात्र दिसत नाही, पण तशी शाश्वती पूर्णपणे देता येत नाही.

ह्यावरून लगेच पावसाळा आटणार, असे भाकीत कोणी करू नये. हिमयुगातला समुद्र वेगळा, आजचा वेगळा. तापलेल्या हवेत बाष्प अधिक मावते, आणि त्याचा ओढा पाऊस वाढण्याकडे आहे. दोन्ही बळे एकमेकांविरुद्ध उभी आहेत. परंतु जुन्या वह्या एक गोष्ट स्वच्छ सांगतात : अटलांटिकचे रहाटगाडगे जेव्हा जेव्हा अडखळले, तेव्हा तेव्हा अरबी समुद्रावरचा पावसाळा लटपटला. ज्या लोकांनी ह्या बिघाडात काहीच भर घातलेली नाही, त्यांच्याच ताटावर त्याची पहिली झळ येणार. रापण ओढण्यासाठी पहाटे वाळूवर जमणारी माणसे, खाचरात वाकून भाताची लावणी करणाऱ्या बाया, ह्यांनी ग्रीनलंडचे नाव ऐकले असो वा नसो, त्यांचा वर्षाचा हिशेब तेथल्या पाण्याच्या मिठाशी जोडलेला आहे.

दुष्काळाच्या आठवणी आपल्याकडे अजून पुरत्या बुजलेल्या नाहीत. १८७६ ते १८७८ ह्या वर्षांत दख्खनमध्ये पाऊस हुकला आणि लाखो माणसे गेली. त्या वेळी तो केवळ दैवाचा कोप वाटला. १८८८ साली ऑस्ट्रेलियातील चार्ल्स टॉड ह्यांनी दाखवले की, भारतातले आणि ऑस्ट्रेलियातले दुष्काळ बहुधा एकाच वर्षी येतात. आणि पुढे कळले की दोहोंचे मूळ प्रशांत महासागराच्या तापण्यात आहे. दूरच्या समुद्राने आपले ताट रिकामे करावे, हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हते. आज ते ठाऊक आहे. ठाऊक असल्याने पाऊस पडत नाही, हे खरे. पण पाटबंधारे, बियाणे, मासेमारीचे नियम आणि धान्याची कोठारे ह्यांचा विचार वेळेवर करता येतो.

ह्या दिवाळीत ग्रीनलंडजवळ जे पाणी समुद्राच्या तळाकडे बुडाले आहे, ते आज आपण हवेत जे सोडले त्याची खूण सोबत घेऊन गेले आहे. ते पुन्हा वर उजेडात येईल तेव्हा आपली नावे कोणाच्या वंशावळीतही उरलेली नसतील. आपल्या पायाखालच्या पाण्यात शिलाहारांच्या काळची थंडी आहे. त्या काळच्या माणसांना आपल्यासाठी आपण काही ठेवून जात आहोत, ह्याची कल्पनाही नव्हती. आपल्याला ती आहे. पुढच्यांच्या वाट्याला कोणते पाणी पाठवावयाचे, हे ठरवणे निदान काही अंशी आपल्या हाती आले आहे, आणि अशी संधी आपल्या आधी कोणत्याच पिढीला मिळालेली नव्हती.